काळ्या कोटिंगखाली लांबी (पुट्टी) निघाली

देवगड-मालवण पट्ट्यात जुनी मारुती ८०० अजून चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. ओम्नी आणि झेनवाल्यांनीही.

या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. पुढचा शॉकॲब्सॉर्बर वर एप्रनला, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूच्या बॉडीच्या पत्र्याला, धरलेला असतो; खाली चाक धरणारा लोअर आर्म ज्याला बसतो त्या मेंबरला. हे दोन गंजले की चाक जागेवर राहत नाही. आपल्याकडे हवा खारी, त्यात पावसाळ्यात तांबडा चिखल मडगार्डच्या आत बसतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग मात्र शाबूत.

माझी गाडी २००६ची. पुढच्या पासिंगआधी काम उरकावं म्हणून एका गॅरेजात टाकली. मालकाने हातोडी मारून दोन्ही एप्रन सडलेले दाखवले, ते खरंच होते. सडका भाग कापून १६ गेजचा पत्रा वेल्ड करतो म्हणाला, दोन्ही बाजूंचे मिळून १८,००० रुपये. हे त्याने व्हॉट्सॲपवर लिहूनही दिलं. गंज लागू नये म्हणून खालून मारतात ते काळं कोटिंग मारायच्या आधी बघायला बोलवा, असं मी बजावलं होतं. फोन आला तो थेट ‘गाडी तयार आहे’ असा. खालून सगळं काळं कुळकुळीत. विचारलं तर म्हणे पाऊस भरून आला होता, म्हणून मारून टाकलं. वर हसून, “गाडीक काय्येक होवचा नाय!”

करूळ घाट चढून कोल्हापूरला निघालो तेव्हा ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली, वळणावर कट्टकन आवाज. तिथल्या अलाइनमेंटवाल्याने टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) जुळवला, पण कॅम्बर (चाकाचा उभा कल) काही केल्या स्थिर राहीना. गाडी थोडी हलवून परत मोजली की आकडा वेगळा. शेवटी त्याने चाक काढलं आणि काळ्या थरात स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला! लांबीचे आणि फायबरच्या जाळीचे ढलपे खाली पडले. दुसऱ्या बाजूला पातळ पत्र्याचा तुकडा नुसता रिव्हेट मारून बसवलेला. गंज होता तसाच, उलट कोटिंगखाली ओल कोंडून वाढलेला. वेल्डिंगचा एक टाका कुठे नव्हता. दरवाज्याच्या पत्र्याला लांबी भरली तर फार तर रंग फुगेल. इथे घाटात ब्रेक मारताना सगळा भार त्याच लांबीवर येत होता.

मग काम दुसऱ्याकडे केलं आणि फरक कळला. त्याने आधी बॅटरीच्या वायरी काढल्या, दोन्हीकडची तिरकी मापं घेतली, चकचकीत लोखंड लागेपर्यंत पत्रा कापला, पुठ्ठ्याचा साचा काढून नवा तुकडा घडवला. सीओटू वेल्डिंग थोडं थोडं, जागा बदलत, नाहीतर पत्रा तापून वाकडा होतो. मग प्रायमर, जोडावर सीलर, कोटिंग सगळ्यात शेवटी. जादा मजबुतीची पट्टीसुद्धा चांगल्या लोखंडावरच. गंजावर पट्टी मारणारे बरेच आहेत, त्या पट्टीला आधार कशाचा? दोन्ही एप्रन ‘संध्याकाळी टाका, सकाळी न्या’ म्हणणाऱ्याकडून सरळ गाडी परत आणा. कापलेला सडका पत्रा मागून घ्या. कोटिंग आधीच झालं असेल तर लोहचुंबक फिरवा, लांबीच्या जागी तो पकडत नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने पैसे परत द्यायला नकार दिला. बिलावर फक्त ‘पुढची बाजू दुरुस्ती’ लिहिलंय, पण व्हॉट्सॲपचा मेसेज आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ढलपे पडले तेव्हाच नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढले होते, आणि लांबी किती खोल होती ते अलाइनमेंटवाल्याकडून त्याच्या बिलावर लिहून घेतलंय.