पाचारण ओळखण्याची प्रार्थना: नोव्हेना, रिट्रीट की रोजचे आत्मपरीक्षण?

बारावी किंवा पदवी झाली की आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) काही मुलामुलींच्या मनात एक प्रश्न घर करतो: देव मला धर्मगुरू किंवा सिस्टर होण्यासाठी बोलावतो आहे, की संसारात राहूनच मी त्याची सेवा करावी अशी त्याची इच्छा आहे? देवाच्या या बोलावण्यालाच पाचारण म्हणतात. ‘प्रार्थना कर, देव दाखवील,’ असे सगळेच सांगतात. कोणती प्रार्थना, किती काळ आणि कोणाच्या सोबतीने, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. धर्मशिक्षणाचे वर्ग घेताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो, म्हणून माझा कल आधीच सांगते: निर्णयाचा पाया रोजच्या प्रार्थनेवर घालावा, रिट्रीट, म्हणजे काही दिवस एकांतात राहून केलेली प्रार्थना, त्यानंतर करावी आणि खूण मागणाऱ्या नोव्हेनावर, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेवर, आयुष्याचा निर्णय सोपवू नये.

प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित पवित्र मरियेसह माडीवरच्या खोलीत एकचित्ताने प्रार्थना करीत राहिले, तेथून नऊ दिवसांच्या प्रार्थनेची परंपरा आली. मागणे मागण्यासाठी, धीर मिळण्यासाठी ती उत्तम आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण देवाला अट घालतो: नऊ दिवसांत नोकरीचे पत्र आले नाही तर मी सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) जाईन. बायबलमधील गिदोनानेही लोकर ठेवून खूण मागितली होती, असे यावर सांगितले जाते. पण शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाचला तर दिसते की देवाने त्याला आधीच पाठवले होते आणि लोकरीची खूण त्यानंतरची आहे.

आपल्याकडे या मार्गाला आणखी एक गोष्ट येऊन मिळते, ती म्हणजे आईचा नवस. लेकरू आजारी असताना ‘हे बरे झाले तर देवाला वाहीन’ असे एखादी माऊली कळवळून बोलते, आणि वीस वर्षांनी ते लेकरू त्या शब्दाचे ओझे घेऊन माझ्यासमोर बसते. त्या प्रेमाचा मी मनापासून आदर करते. परंतु 1983 च्या कॅनन लॉचे (कॅथोलिक चर्चच्या कायद्याचे) 1193 वे कलम सांगते की नवस ज्याने केला त्यालाच बांधतो, आणि 219 वे कलम सांगते की जीवनावस्था निवडताना कोणावरही बळजबरी असता कामा नये. आईच्या नवसाने पाचारण ठरत नाही, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

रिट्रीटचा मार्ग संत इग्नेशियस लोयोला यांच्या अनुभवातून घडला. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आले की शौर्याची आणि दरबारी मानाची स्वप्ने रंगवताना आनंद होतो, पण नंतर मन कोरडे पडते. ख्रिस्ताचे आणि संतांचे चिंतन केल्यावर मात्र आनंद टिकून राहतो. त्यातून तयार झालेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. ही साधना चार टप्प्यांत सुमारे 30 दिवस चालते. तिचे आठ दिवसांचे रूप अधिक प्रचलित आहे. निवड करताना मन शांत असेल तर दोन्ही बाजूंची कारणे मांडावीत, आपल्यासारख्याच एखाद्या अनोळखी माणसाला आपण काय सल्ला दिला असता ते पाहावे, मृत्युशय्येवर कोणता निर्णय घेतलेला आवडेल याचा विचार करावा, असे ती शिकवते. शिवाय, साधना देणाऱ्याने साधकाला कोणत्याही एका जीवनावस्थेकडे झुकवू नये, अशी सूचनाही तिच्यात आहे.

या मार्गाच्या खोलीला तोड नाही. तरीही आपल्या परिस्थितीत एक सावधगिरी आवश्यक वाटते. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात अशा घरातील मुलीला रिट्रीट हाऊसमध्ये स्वतंत्र खोली, वेळेवर जेवण आणि आठ दिवसांची शांतता मिळाली, तर त्या विसाव्यालाच ती पाचारण समजण्याचा संभव असतो. परत आल्यावर, चुलीपुढे आणि कापसाच्या वेचणीत ती ओढ टिकते का, हे पाहिल्याशिवाय निर्णय पक्का मानू नये.

म्हणूनच मी रोजच्या प्रार्थनेला आधी ठेवते. ज्यांना कामधंदा सोडता येत नाही त्यांनी दररोज दीड तास काढून घरीच ही साधना करावी, अशी सोय खुद्द इग्नेशियस यांनी एकोणिसाव्या सूचनेत केली आहे. दीड तास जमत नसेल तर शुभवर्तमानातील एका उताऱ्यावर अर्धा तास आणि रात्री पंधरा मिनिटे आत्मपरीक्षण, एवढ्यापासून आरंभ करता येतो. रात्रीच्या विजेवर दारं धरणाऱ्या तरुणाला वाफा भरेपर्यंत मिळणारा वेळही यासाठी पुरतो. दिवसभरात मन कोठे मोकळे झाले, कोठे आक्रसले आणि त्या वेळी कोणता विचार मनात होता, हे वहीत दोन ओळींत लिहावे. हा क्रम मृगाच्या पेरणीपासून ज्वारीच्या काढणीपर्यंत चालू ठेवावा, कारण मराठवाड्यात एकाच वर्षात उमेद आणि नैराश्य दोन्ही भेटतात. पावसाने ओढ दिली, सोयाबीन हातचे गेले, घरात कर्जाची बोलणी सुरू झाली की ‘मी मठात गेले तर एक ताट कमी होईल’ हा विचार त्यागासारखा भासतो. तो बहुधा भीतीतून येतो. मन उद्विग्न असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा इग्नेशियस यांचा नियम अशा वेळी फार उपयोगी पडतो.

मराठवाड्यातील खेड्यांत ज्यांनी श्रद्धा रुजवली त्या फ्रान्सलियन संघाच्या मिशनऱ्यांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मते देवाने दाखवलेल्या ठिकाणी त्याची सेवा करण्याची दृढ आणि टिकून राहणारी इच्छा हेच खरे पाचारण होय. मनात कधी कंटाळा किंवा थंडपणा आला म्हणून ते खोटे ठरत नाही. ही टिकाऊ इच्छा आठ दिवसांत मोजता येत नाही.

या मार्गाची उणीव म्हणजे आळस आणि एकटेपण. येथे एकेका फादरांकडे बरीच गावे असतात, त्यामुळे भेट लांबत जाते. तरी महिन्यातून एकदा वही घेऊन कोणा अनुभवी फादरांकडे किंवा सिस्टरांकडे जावे. शक्य असल्यास ती व्यक्ती आपल्याला स्वतःच्या संघात (व्रतस्थांच्या समुदायात) घेऊ पाहणारी नसावी. हाक देवाची आहे हे बायबलमधील लहानग्या शमुवेलालाही याजक एलीमुळेच कळले.

वर्षअखेर ओढ टिकली असेल तर आठ दिवसांची रिट्रीट करून निर्णय देवापुढे ठेवावा. त्यानंतरही घाई नसते: संघात नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचा तयारीचा काळ, किमान 12 महिन्यांचे असते, पुढे साधारण तीन ते सहा वर्षे तात्पुरती व्रते असतात, आणि धर्मगुरुपदाची दीक्षा वयाची 25 वर्षे पूर्ण होण्याआधी साधारणपणे मिळत नाही. ओढ संसाराकडे वळली तर ती हार मानू नये. विवाहितांनाही पावित्र्याचे तेच पाचारण आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेने) 1964 मध्ये स्पष्ट केले. निर्णय कोणताही झाला तरी तो आईवडिलांना स्वतः सांगावा, आणि आईचा नवस असेल तर ती वही तिच्यापुढे उघडून सांगावा.