अश्महत्यार घडवायला गोटा की लाकडी दांडका?

धातू न वापरता दगड फोडायला शिकायचं, तर सुरुवात गोट्यानेच करा. नदीतला हातात मावणारा, गुळगुळीत, 300 ते 500 ग्रॅमचा गोटा पुरतो. ठोकल्यावर भद्द आवाज आला तर आत चीर आहे, टाकून द्या. गाभ्याची, म्हणजे ज्या दगडातून हत्यार घडवायचं त्याची, कड 90 अंशांपेक्षा कमी कोनाची हवी. घाव कडेवर नको, कडेपासून काही मिलिमीटर आत. निघणारा छिलका (दगडाचा कपचा) जाड असतो, घावाखाली ठळक फुगवटा दिसतो. हातकुऱ्हाडीचा (हातात धरायच्या, दांडा नसलेल्या दगडी कुऱ्हाडीचा) ओबडधोबड आकार याने लवकर येतो, पण ती पातळ करताना गोटा दगा देतो.

तिथे दांडका लागतो: बाभूळ किंवा खैराचा, पूर्ण वाळलेला, साधारण 25-30 सेंटीमीटर लांब. (युरोप-अमेरिकेत हरणाचं शिंग वापरतात. आपल्याकडे सांबर-चितळाची शिंगं, गळून पडलेलीसुद्धा, वन्यजीव कायद्यामुळे बाळगता येत नाहीत.) दांडक्याने कडेवरच, किंचित ओढता घाव घालायचा. छिलके पातळ, लांब, फुगवटा अगदी पुसट. मात्र आधी खरबरीत दगडाने कड घासून बोथट करणं टाळलंत तर कड चुरडते, छिलका अर्ध्यात तुटतो, गाभ्यावर पायरी राहते. नवशिक्यांच्या बहुतेक पायऱ्या इथूनच येतात. बाकीच्या येतात बिचकत मारलेल्या घावांतून.

दख्खनचा बारीक कणांचा, न झिजलेला बसाल्ट दोन्हींना चालतो. कॅल्सेडनीचे (गारगोटीसारख्या सिलिकाच्या दगडाचे) गोळे छोटे असतात, त्यांना हलका गोटा बरा. चष्मा, मास्क आणि मांडीवर जाड चामडं हवंच. काम उघड्यावर करा, सिलिकाची धूळ फुप्फुसात साचते.