ईआरपीनेक्स्टमधली क्लायंटची मांडणी: माणूस, पेढी आणि पॅन

म्हापशात स्वतःच्या नावावर हार्डवेअरचे दुकान, भावाबरोबर भागीदारीत गेस्ट हाऊस, आणि पत्नीच्या नावावरच्या घराचे भाडे. गोव्यातल्या कर सल्लागाराकडे किंवा हिशेब लिहिणाऱ्या कार्यालयात असे कुटुंब रोज येते. क्लायंट सांभाळणारे सॉफ्टवेअर निवडताना हे कुटुंब त्यात नीट बसते का, हे आधी बघावे. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापे कंपनीचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर यात बरेच पुढे आहे, मात्र आहे तसे वापरायला घेतले तर नोंदी विस्कटतात.

नवा कस्टमर (क्लायंटची नोंद) उघडला की 'कस्टमर टाइप' विचारला जातो. कंपनी आणि व्यक्ती हे मुख्य पर्याय, आवृत्तीनुसार भागीदारीसारखा एखादा आणखी. घोळ इथून सुरू होतो, कारण त्याच फॉर्मवर 'कस्टमर ग्रुप' आहे आणि त्यातही 'इंडिव्हिज्युअल' आणि 'कमर्शियल' असे गट तयार मिळतात. एक जण टाइप भरतो, दुसरा ग्रुप, आणि एकच क्लायंट एकीकडे व्यक्ती, दुसरीकडे व्यवसाय होऊन बसतो. व्यक्ती की व्यवसाय हे फक्त टाइपमध्ये ठेवावे आणि ग्रुपमधले तयार गट बदलून आपले करावेत: पगारदार, एकल मालकी, भागीदारी, कंपनी, देवस्थान व संस्था, कोमुनिदाद (गोव्यातली गावकऱ्यांची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था). पोटगट असलेला वरचा गट कस्टमरला लावता येत नाही, शेवटच्या फांदीवरचाच लागतो. त्यामुळे झाड दोन पातळ्यांच्या पुढे वाढवू नये.

टाइप अंदाजाने भरू नका, पॅनवरून भरा. पॅनचे चौथे अक्षर 'पी' असेल तर व्यक्ती, 'एफ' असेल तर भागीदारी पेढी, 'सी' असेल तर कंपनी, 'एच' असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब, 'टी' असेल तर न्यास. हातात फक्त जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) असेल तर त्याचे सहावे अक्षर बघा, कारण पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे पॅनचीच. हार्डवेअरच्या दुकानाची पाटी कितीही मोठी असो, एकल मालकीला वेगळा पॅन नसतो. म्हणून दुकानाची स्वतंत्र नोंद करू नये. मालकाच्याच नोंदीत 'कस्टमाइज फॉर्म'मधून 'व्यापारी नाव' हा रकाना जोडावा. दोन नोंदी केल्या तर फीची थकबाकी एकीकडे आणि आगाऊ रक्कम दुसरीकडे दिसते.

या सॉफ्टवेअरची खरी जमेची बाजू 'काँटॅक्ट'मध्ये, म्हणजे माणसाच्या संपर्काच्या नोंदीत आहे. काँटॅक्टच्या 'लिंक्स' तक्त्यात हव्या तितक्या ओळी घालता येतात. म्हणजे तोच माणूस स्वतःच्या नोंदीलाही जोडता येतो आणि गेस्ट हाऊसच्या पेढीलाही. मोबाईल नंबर बदलला की एकदाच दुरुस्त करायचा. ही सोय नसती तर गोव्यातल्या कौटुंबिक धंद्यांसाठी आम्ही हे सुचवलेच नसते.

नवरा-बायकोच्या बाबतीत मात्र आपल्याला हात घालावा लागतो. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानण्याच्या पद्धतीमुळे, प्राप्तिकर कायद्यानुसार (१९६१ च्या कायद्यात कलम ५ए), वेतन सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते आणि विवरणपत्रात जोडीदाराचा पॅन लागतो. ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी तयार रकाना नाही. कस्टमरमध्ये 'जोडीदार' नावाचा लिंक प्रकारचा (दुसरी नोंद निवडता येणारा) रकाना करा आणि त्याचा स्रोत 'कस्टमर'च ठेवा. ही जोडणी एकतर्फी असते. नवऱ्याच्या नोंदीत पत्नी निवडली म्हणून पत्नीच्या नोंदीत नवरा आपोआप येत नाही. दोन्हीकडे भरायचेच, नाहीतर भाड्याचे अर्धे उत्पन्न एका विवरणपत्रातून सुटते.

जीएसटीसाठी 'इंडिया कंप्लायन्स' हे वेगळे ॲप बसवावे लागते. त्यात जीएसटीआयएन पत्त्यालाही जोडता येतो, हे फार उपयोगी आहे. पणजीची कंपनी, सावंतवाडीत शाखा, बेळगावात गोदाम: कस्टमर एक, पत्ते तीन, क्रमांकाची सुरुवात अनुक्रमे ३०, २७ आणि २९. बिल करताना पत्ता चुकीचा निवडला तर सीजीएसटी-एसजीएसटीच्या (राज्यातल्या विक्रीवरच्या कराच्या) जागी आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर) लागू शकतो.

नावांचा त्रास इथे जास्तच. देसाई इंग्रजीत एका 'एस'ने लिहितात तसे दोन 'एस'नेही, नाईक 'के'ने तसे 'क्यू'ने, आणि परबांचे 'पोरोब' होतात. देवनागरीत लिहिलेले नाव रोमनमध्ये शोधून सापडत नाही. कस्टमरचे नामकरण नावावरून असेल तर दुसऱ्या सारख्या नावापुढे '- १' लागतो आणि पुढे कोण कुठला ते कळत नाही. 'सेलिंग सेटिंग्ज'मध्ये 'नेमिंग सिरीज' (नावाऐवजी अनुक्रमांकाने नामकरण) निवडा, आणि 'सर्च फील्ड्स'मध्ये पॅन घाला. दुहेरी नोंदी शोधायला रिपोर्ट व्ह्यूत पॅनच्या रकान्यावर क्रम लावा. 'रीनेम'मधल्या 'मर्ज विथ एक्झिस्टिंग'ने त्या एक होतात, पण हे परत फिरवता येत नाही. पॅन दोनदा ताडल्याशिवाय खूण करू नका. काका-पुतण्याचे नाव एकच असल्याने खाती एकत्र झाली, तर ती हाताने सोडवत बसावे लागते.

जुन्या एक्सेलमधून माहिती आणताना क्रम पाळा: गट, कस्टमर, पत्ते, मग काँटॅक्ट. मोबाईलचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर रकाना अरुंद असला की एक्सेल दहा अंकी नंबर '९.८२ई+०९' असा दाखवते. टाइपचा रकाना रिकामा सोडू नका. पहिल्यांदा वीसच ओळी चढवून बघा. गटाचे नाव एका अक्षराने चुकले तरी ती ओळ अडते.

पॅनच्या रकान्याला 'परमिशन लेव्हल' १ द्या, म्हणजे परवानगी नसलेल्याला तो दिसत नाही. आधार क्रमांक साठवूच नये.

सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली फुकट आहे, सर्व्हर आणि बसवणाऱ्याचा खर्च वेगळा. चाळीस-पन्नास पगारदार क्लायंट असतील तर एवढा खटाटोप नको, एक्सेल पुरते. भागीदाऱ्या, शाखा आणि एकमेकांत गुंतलेली कुटुंबे असतील तर जरूर घ्या, पण पहिला आठवडा फक्त गट, नामकरण आणि जोडीदाराचा रकाना बसवण्यात घालवा. पहिले बिल त्यानंतर.