जुन्या सिंगर मशीनच्या लाकडी टेबलाची दुरुस्ती : साखर पेठेतील एका सुतारी दुकानाचा अनुभव

गणवेशाच्या शिलाईचा धंदा मोठा असल्यामुळे सोलापुरात शिलाई मशीन दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळ आहेत. मशीनखालचे जुने लाकडी टेबल हाती घेणारा माणूस मात्र शोधावा लागतो. सासूबाईंच्या पायमशीनच्या टेबलाचा व्हीनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) फुगला होता, एक खण खिळखिळा झाला होता आणि बिजागऱ्या डगमगत होत्या. इतरत्र सगळ्यांनी वरून सनमायका मारण्याचा सल्ला दिला. साखर पेठेतील या छोट्या दुकानाच्या मिस्त्रींनी मात्र मूळ लाकूडच वाचवू, असे सांगितले आणि ते वाचवलेही.

जुन्या टेबलांचा व्हीनियर सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनवलेल्या चिकट पदार्थाने, चिकटवलेला असतो आणि ऊब व ओलावा मिळाला की सरस पुन्हा मऊ होतो. मिस्त्रींनी फुगवट्यावर ओलसर सुती फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवली, थर सैल होताच पातळ पात्याने त्याखाली ताजा गरम सरस सारला आणि वर मेणकागद व सपाट फळी ठेवून शिकंजे आवळले. पूर्वी कोणीतरी एका कोपऱ्यात फेव्हिकॉल ओतला होता. त्यावर सरस धरत नाही, म्हणून तेवढा भाग पटाशीने खरवडण्यातच सर्वांत जास्त वेळ गेला.

खणाला एकही खिळा मारला नाही. सांधे उकलून, जुना सरस धुऊन ते पुन्हा बसवले, आणि बाजूंना जाड पुठ्ठ्याएवढी फट मुद्दाम ठेवली. कारण चाळीस अंशांच्या वरच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसलेले लाकूड पावसाळ्यात फुगते व घट्ट बसवलेला खण अडकतो.

जोडणीही तितकीच विचारपूर्वक झाली. ओतीव लोखंडी स्टँडचे चारही पाय फरशीला नीट टेकल्यावरच टेबलाचे स्क्रू आवळले. मग मशीनच्या मागच्या दोन भोकांत बिजागरीच्या खुंट्या घालून त्यांचे स्क्रू घट्ट केले. ते सैल राहिले तर मशीन वर उचलताना निसटून पायावर पडू शकते. चामडी पट्टा सर्वांत शेवटी, बेताने कापला, कारण तो फार ताणला तर पायटा जड जातो आणि ढिला राहिला तर चाकावरून घसरतो.

तक्रारी दोन आहेत. काम सांगितलेल्या मुदतीपेक्षा बरेच लांबले, आणि खणांच्या पितळी मुठी न विचारता घासून चकचकीत केल्या, त्यामुळे त्यांची जुनी काळपट झाक गेली. लाखेचे पॉलिश मात्र अप्रतिम आहे.

सिंगरचा स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, त्यामुळे तेथल्या जुन्या मशीनचा एखादा मूळ भाग हरवला तर तसाच दुसरा मिळणे कठीण असते. टेबल देण्यापूर्वी मशीन उतरवून घरीच ठेवावे, प्रत्येक सांध्याचे फोटो काढावेत, स्क्रू पुरचुंडीत बांधून द्यावेत आणि मुठींना हात लावायचा की नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे.