पांढऱ्या पाटीची सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेताय? थांबा

भंडारदऱ्याला भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊन जाणार असाल, तर आधी नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील, तरच ती गाडी स्वतः चालवायला भाड्याने देण्यासाठी नोंदवलेली. १९८९च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवाना मिळवायला किमान ५० गाड्या लागतात, त्यामुळे घरची, म्हणजे पांढऱ्या पाटीची खासगी गाडी परस्पर भाड्याने देणाऱ्यांचा सुळसुळाट आहे.

आमचं बुकिंग पुण्यातून, व्हॉट्सअॅपवर झालं. फोटोत नंबर झाकलेला, डिपॉझिटचे दहा हजार यूपीआयने आधीच घेतलेले. पहाटे पार्किंगमध्ये गाडी समोर आली ती पांढऱ्या पाटीची आणि धुळीने माखलेली. "सगळे अशाच देतात हो दादा," म्हणत गाडीवाल्याने किल्ली हातात ठेवली. पोरं बॅगा घेऊन उभी. अशा वेळी कोण माघारी फिरतं? आणि हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

सहल मात्र झकास झाली, खोटं कशाला बोलू. संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी गाठलं आणि जलाशयाला पूर्ण वळसा घातला. मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद. एका बाजूला पाणी, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंगचे कडे, आणि शेवटी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. रस्ता उखडलेला होता तिथे दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.

गाडी परत करताना खरा खेळ सुरू झाला. "चहा घ्या, तोवर गाडी धुवून घेतो," म्हणाला. धूळ गेली आणि जुने ओरखडे उघडे पडले. मग मोबाइलचा टॉर्च लावून गडी गुडघ्यांवर बसला आणि पुढच्या बंपरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "हे बघा." उभ्या माणसाला दिसणारच नाही अशी जागा. वाकून पाहिलं तर निम्म्या ओरखड्यावर टचअपचा रंग आधीच फासलेला, मूळ पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळट. म्हणजे आम्ही घाटघरला बसून रंगकाम केलं की काय?

"बंपर बदलावा लागेल." शिवाय जीपीएसवर वेग ८०च्या वर गेल्याचा दंड. ही अट बुकिंगच्या वेळी कुठेच नव्हती. इन्शुरन्सचं विचारलं, तर उत्तर ऐका : "गाडी खासगी आहे, भाड्याने दिली म्हटलं तर क्लेम बसत नाही. खर्च तुमचाच." बेकायदा धंदा याचा आणि भुर्दंड आपल्याला! गॅरेजचं बिल मागितलं, तर "उद्या पाठवतो". बिल आलं नाही, डिपॉझिटही नाही.

तेव्हा गाडीचा नंबर आधी मागून घ्या आणि सरकारच्या एमपरिवहन अॅपवर इन्शुरन्सची मुदत तपासा. नंबर द्यायला कुरकुर करत असेल, तर तिथेच सोडा. गाडी धुतलेलीच द्या म्हणावं. उजेडात, त्याच्यासमोर व्हिडिओ काढा. बंपरची खालची कड, चाकांच्या रिम, किलोमीटर, इंधनाचा काटा, सगळं. डिपॉझिट त्यानंतर.

डिपॉझिट अडकवलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन गाडीच दिली नाही, तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. तक्रारीला चॅट आणि यूपीआयची पावती लागते, म्हणून त्याने ब्लॉक केलं तरी रागाच्या भरात चॅट पुसू नका.