पिशवीचा कॅन्सर आईला, कोलोनोस्कोपी भावाची! (जेनेटिक काउन्सेलिंगचा अनुभव, ४ स्टार)

आईची गर्भपिशवी ४८व्या वर्षी काढली, कॅन्सर निघाला, ऑपरेशन नीट झालं आणि आम्ही सुटलो असंच धरून चाललो होतो. फॉलोअपला नवीन डॉक्टरांनी सहज विचारलं माहेरी कोणाला काही होतं का, तर मामा आतड्याच्या कॅन्सरने गेला ४४व्या वर्षी. त्यांनी लगेच इकडे जेनेटिक काउन्सेलिंगला (घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देतात तिथे) पाठवलं.

मला वाटलं रक्त घेतील नि बिल देतील. पण काउन्सेलर मॅडमनी पाऊण तास नुसती वंशावळ काढली, आजी कशाने गेली, मावश्या किती, कोणाला किती वयात काय झालं. आई म्हणे लग्न जुळवताना पण इतकं विचारलं नव्हतं 😄

आधी आईच्या ऑपरेशनचा ब्लॉक (मेणातला तुकडा असतो तो, हॉस्पिटल जपून ठेवतं, अर्ज केला की मिळतो) मागवून त्यावर चार प्रोटीनची टेस्ट केली. त्यातली एमएसएच२ आणि एमएसएच६ ही दोन गायब. मग रक्ताची टेस्ट, त्यात लिंच सिंड्रोम पक्कं झालं. म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं जीनच बिघडलेलं, म्हणून पिशवी आणि आतडं दोन्हीकडे धोका. पिशवीच्या कॅन्सरच्या शंभरात साधारण तीनच बायकांना हे असतं म्हणे, त्यामुळे उगाच घाबरू नका, पण घरात असा मामा असेल तर विचारा तरी.

आम्हा प्रत्येक मुलाला ५० टक्के चान्स. भाऊ म्हणाला मला कुठे पिशवी आहे, मी कशाला येऊ! मॅडमनी शांतपणे सांगितलं, आतडं तर आहे ना. माझी टेस्ट निगेटिव्ह आली, त्याची पॉझिटिव्ह. आता त्याची दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (नळीतून आतडं आतून तपासतात ती), गाठ कॅन्सर व्हायच्या आधीच काढता येते. खरंतर मला आधी आनंद झाला आणि मग त्याच्याकडे बघवेना, ह्यावर कोणी काही बोलत नाही, मॅडम मात्र बोलल्या, दोघांना वेगवेगळं बसवून.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट अख्खा इंग्रजीत, आईला ओ की ठो कळलं नाही, मराठीत एक पान द्यायला काय हरकत आहे? आणि आमच्या टेस्टला वेगळे पैसे लागतात हे शेवटी सांगितलं. लिफ्ट बंद होती ते सोडा.

मामाच्या मुलांना मॅडमनी लिहून दिलेलं पत्र पाठवलंय, धाकटा येतोय पुढच्या आठवड्यात.