गच्चीवर 'तुंबाड' की 'लपाछपी'?

३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या रात्री, नाशकात गच्चीवर पडदा लावून भयपट बघणार असाल, तर 'तुंबाड' (२०१८) नकोच. पाऊस, वाडा, विहीर, कंदिलाचा उजेड. शेजारच्या सोसायटीचा एक हॅलोजन पडद्यावर आला की काळ्याचं राखाडी होतं आणि त्यातला दैत्य हस्तर दिसेनासा होतो. हा सिनेमा घरातच, पडदे ओढून, टीव्हीचा 'व्हिविड' (भडक रंगांचा) मोड बंद करून बघावा. लहान मुलांना झोपवून.

'लपाछपी' (२०१७) गच्चीवर चालतो. बरीचशी भीती भरदिवसा, उसात. निफाडकडच्या पाहुण्यांना तर परतताना फडाजवळून जायचंय! फक्त प्रोजेक्टरच्या पिचक्या स्पीकरवर सिनेमातल्या पोरांचे आवाज विरतात. वेगळा स्पीकर पडद्यामागे ठेवा. गरोदर बाई सोबत असेल तर मात्र हाही टाळा, गोष्टच तशी आहे.